बटणाची मान

घरबसल्या पैसे मिळतात, भांडवल लागत नाही, कष्ट तर मुळीच नाहीत, असं ज्या कुणी पहिल्यांदा सांगितलं तो स्वतः घरी बसणारा नव्हता, एवढं पैजेवर सांगता येईल. घरी बसणाऱ्याला विचारा. घरी बसणाऱ्या बाईला तर विचारूच नका, तिला उत्तर द्यायला वेळ नसतो.

ही गोष्ट एका वहिनींची. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे, आपणही तेच म्हणू. वहिनींचं घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. मुलगी दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. नवरा कोटांच्या कारखान्यात फिनिशिंगला होता. शिवून झालेल्या कोटाला बटणं लावायची, लोंबणारे धागे कापायचे, इस्त्री करायची, त्या खात्याला फिनिशिंग म्हणतात. त्या खात्याच्या शेवटच्या टेबलावर हे गृहस्थ तपासनीस. प्रत्येक बटण अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून दोनदा ओढायचं, टिकलं तर पास, सुटलं तर परत. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे कारखान्यात त्यांचं नाव चिमटेभाऊ पडलं होतं. मालकाचा कोट असो की मालकाच्या पाहुण्याचा, चिमटेभाऊंची चिमटी कुणाला सोडत नसे. मागे एकदा मालकानं घाईचा माल बघून न बघितल्यासारखा सोडायला सांगितला, तेव्हा भाऊ म्हणाले होते की मग सही तुम्ही करा. मालकानं सही केली नाही आणि माल परत गेला. हे वहिनी चारचौघांत अभिमानानं सांगायच्या.

अभिमानानं घरभाडं भरता येत नाही, हीच काय ती अडचण. भाडं वाढलं, वसतिगृहाची फी वाढली, भाऊंचा पगार मात्र लग्नात आणलेल्या कपाटासारखा एका जागी उभा. तेव्हा वहिनी फोनमधल्या एका बाईच्या नादी लागल्या. ती बाई रंगवलेली नखं नाचवत सांगायची, ताई, तुमच्याकडे दुपारचे दोन तास रिकामे आहेत ना, मग तुमच्याकडे सोनं आहे. वहिनींनी आधी मेणबत्त्या केल्या. त्यात एक चांगलं पातेलं गेलं, छत काळं झालं आणि मेणबत्त्या शेजारणींनी भेट म्हणून नेल्या. मग गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली. आया मुलं सोडून बाजारात जायच्या आणि फीचं नाव काढलं की म्हणायच्या, अहो वहिनी, तुमच्यात आमच्यात पैसे कसले. पाकिटं चिकटवली, तर खळीला मुंग्या लागल्या. फोनवर नुसते फॉर्म भरायचं एक काम मिळालं, त्यांनी आधी नोंदणीचे पैसे घेतले आणि मग फोन उचलणंच बंद केलं. नखंवाली बाई रोज नवा धंदा सांगत राहिली. तिचा धंदा तेवढा चालला होता.

हे सगळं भाऊंच्या पाठीमागे. त्यालाही कारण होतं. लग्न ठरताना वहिनींच्या भावांनी मुलाच्या पगारावरून नाक मुरडलं होतं, तेव्हा भाऊंनी सगळ्यांसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं की तुमच्या बहिणीवर दुसऱ्याचं काम करायची वेळ कधी येऊ देणार नाही. पुरुष असं एकदा बोलून मोकळे होतात, आणि तो शब्द मग बायकांना जन्मभर सांभाळावा लागतो. वहिनी तो सांभाळत होत्या. वेळ आली होती, पण भाऊंना ती दिसू द्यायची नव्हती.

मग एके दिवशी गल्लीत बोचकेवाली मावशी आली. ही कुणाचीच मावशी नव्हती. हातगाडीवर चादरीत बांधलेली बोचकी घेऊन ती दारोदार जायची आणि बायकांना कोटांना बटणं लावायचं काम द्यायची. सकाळी माल टाकायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी उचलायचा. तिचे नियम साधे होते. सुई आपली, दिवा आपला, जागा आपली. माल कुणाचा ते विचारायचं नाही. आणि बटण तपासणीत निघालं तर त्या पीसची मजुरी तर बुडालीच, वर दंड. कारखान्याच्या फाटकावर माल घ्यायचा आणि तिथंच द्यायचा, आत कोण बसतं हे मावशीलाही ठाऊक नव्हतं.

कोट जाडजूड होते, दरवानांच्या अंगावर असतात तसले हिरवे, आणि त्यांना झाकणाएवढी मोठी बटणं. अशा कापडावर बटण चिकटून लावलं तर कोट बंद करताना चुण्या पडतात आणि चार दिवसांत धागा तुटतो. म्हणून बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची काडी ठेवायची, तिच्यावरून टाके घालायचे, मग काडी काढून घ्यायची, आणि जो धागा सैल राहतो त्याच्याभोवती धाग्याचेच वेढे द्यायचे. त्याला बटणाची मान म्हणतात. बटणाला मान असली की बटण टिकतं. ते लावणाऱ्याला कधी मान मिळाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

वहिनींना ही मान करायला शिकवली होती भाऊंनीच, लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी, एका सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या कोटावर. भाऊंचे वडील शिंपी होते आणि डावखुरे होते. ते वेढे उलट्या बाजूनं द्यायचे, आणि धाग्याला जिकडे पीळ असतो तिकडेच वेढा गेल्यामुळे तो दिवसेंदिवस जास्तच आवळत जायचा. भाऊंनी उजव्या हातानं तो उलटा वेढा शिकून घेतला आणि बायकोला शिकवला. त्या दिवशी वहिनींची बोटं धरून शिकवताना भाऊ इतके हसत होते की सुई दोनदा हरवली. असले दिवस संसारात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात, म्हणून वहिनींच्या हातांनी तो वेढा कधी सोडला नाही.

मावशीनं पहिलं बोचकं उचलताना एक बटण ओढून बघितलं आणि वहिनींकडे नव्यानं पाहिलं. म्हणाली, बाई, हे इतरांना शिकव. वहिनींनी शिकवलं. पण बायकांचा हात सरळ बाजूलाच जायचा, उलटा वेढा कुणाला जमेना. शेवटी असं ठरलं की बायकांनी काडी ठेवून टाके घालायचे आणि काडीसकट कोट वहिनींकडे आणून द्यायचे. काडी काढून मान करायची वहिनींनी, आणि प्रत्येक कोटामागे थोडे पैसे त्यांचे. अशा रीतीनं अख्ख्या गल्लीचे कोट वहिनींच्या मांडीवरून जायला लागले. भाऊ कामावर गेले की घर हिरवंगार व्हायचं आणि ते यायच्या आत पुन्हा पहिल्यासारखं. वसतिगृहाची फी वेळेवर गेली. भाऊंनी एकदा विचारलंही, की या वेळी जमलं कसं गं? वहिनी म्हणाल्या, काटकसर केली. त्यावर भाऊंनी पुन्हा विचारलं नाही.

आणि मग कारखान्यात मालकाचा जावई आला. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे सासऱ्यांपुरतं खरं असतं असं लोक समजतात. इथं तो अख्ख्या कारखान्याच्या राशीला लागला. कुठंतरी शिकून आला होता, सुई कुठल्या टोकाला टोचते हे विचारलं असतं तर पुस्तक उघडून सांगितलं असतं. उंटावरचा शहाणा. पण उंट सासऱ्याचा होता, त्यामुळे त्याला खाली उतरवणार कोण?

भाऊ कारखान्यातलं सगळं जेवताना सांगायचे. त्या दिवशी मात्र ताटात बघतच बोलले. जावयाचं म्हणणं असं की बटणं लावायला खातं कशाला पोसायचं? जागेचं भाडं, दिवे, पंखे, माणसांची रजा, आजारपण, हे सगळं कारखान्याच्या डोक्यावर. गेले काही महिने थोडे कोट बाहेर जातातच, हेच काम तिथं बायका घरी बसून करतात, निम्म्याहून कमी पैशांत. आता महिनाभर बाहेरचा माल मोजूनमापून बघू. तो तपासणीत टिकला तर फिनिशिंग बंद. बऱ्याच कोटांची बटणं निघाली तर खातं राहील, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही, असा शब्द त्यानं मालकाला दिला होता.

"कुठले कोट?" वहिनींनी विचारलं.

"दरवानांचे. हिरवे."

वहिनींनी हातातला घास परत ताटात ठेवला. एवढ्या मोठ्या शहरात कोटांचे कारखाने काय थोडे होते? त्यातून नेमका हाच निघावा? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपल्याच मांडीवर रोज घासून गुळगुळीत होत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. खात्यातली सगळी माणसं त्यांना माहीत होती. इस्त्रीवाला, त्याची आजारी आई, धागे कापणाऱ्या दोघी बहिणी. आणि शेवटच्या टेबलावर आपला नवरा.

"आणि तुमचं काय?" त्यांनी विचारलं.

"बघू," भाऊ म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

त्या बघूचा अर्थ वहिनींनी त्यांच्या परीनं लावला. दुसऱ्या दिवशी बोचकं समोर ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या. भाऊंना सांगावं, तर इतके महिने लपवलेलं उघडं पडणार, आणि तेही असं, की तुमच्या पोटावर जो पाय आलाय तो माझाच आहे. काम सोडावं, तर मावशीला काय, ती पुढच्या गल्लीत जाईल. तिथं कुणाला मान जमत नसली तरी साधी सरळ मान शिकवायला आपल्या गल्लीतली एखादी उभी राहीलच. पैशाची निकड कुणाला नाही? माल थांबणार नव्हता. माल तपासणीत नापास झाला, तरच काही होणार होतं.

आणि नापास करणं वहिनींच्या हातात होतं, कारण प्रत्येक बटणाची मान त्यांच्याच हातची.

त्यांनी काडी काढली, दोन वेढे दिले आणि शेवटची गाठ धाग्यात न अडकवता नुसती वरून फिरवली. बटण दिसायला देखणं. मावशी हल्ली ओढून बघत नव्हती, नुसती नजर टाकायची, तिला कळणार नव्हतं. पण शेवटच्या टेबलावरच्या चिमटीला कळणार होतं. दुसऱ्या ओढीला बटण हातात येणार, भाऊ कोट परत टाकणार, आणि खातं वाचणार. जगात कशावर विश्वास ठेवावा असा प्रश्न पडला तर वहिनींनी डोळे मिटून त्या चिमटीवर ठेवला असता. ठेवलाच.

बायकांचा दंड होणार याची त्यांना लाज वाटली. रात्रंदिवस राबणाऱ्या त्या बायकांचा काय दोष? तो दंड आपण आपल्या वाट्यातून भरायचा असं त्यांनी मनाशी ठरवलं, तरी काडी लावलेले कोट घेऊन शेजारीण आली की त्यांना तिच्याकडे बघवत नसे. पहिल्या बोचक्यात त्यांनी थोडेच कोट सैल ठेवले.

मावशी आली ती हसतच. एकही पीस परत आला नव्हता.

वहिनींना वाटलं, थोडेच होते, निसटले असतील. पुढच्या वेळी त्यांनी निम्मे सैल ठेवले. तेही पास. त्याच्या पुढच्या वेळी तर काही बटणांना गाठच मारली नाही, धाग्याचं टोक वेढ्याखाली नुसतं सरकवून दिलं. लहान मूल कोटाला लोंबकळलं असतं तरी बटण निघालं असतं. तेही पास. मावशी म्हणाली, बाई, तुझ्या हाताला जादू आहे, आतल्या माणसांच्या बटणांपेक्षा तुझी बटणं बरी असं नवा साहेब सगळ्यांना सांगतोय. वहिनींना हसावं की रडावं कळेना. वाईट काम करावं आणि शाबासकी मिळावी, हे मोठ्या लोकांच्या नशिबी असतं असं त्यांनी ऐकलं होतं.

मग त्यांना वेगळीच भीती वाटायला लागली. भाऊंची चिमटी गेली की काय? वय झालं, बोटं बधिर झाली, बटण सुटतंय हे त्यांना कळेनासं झालंय? ज्या हातानं जन्मभर मालकालाही सोडलं नाही, तो हात आता आंधळा झाला आणि त्याचं त्यालाच माहीत नाही? त्या चोरून भाऊंच्या हातांकडे बघायच्या. चहाचा कप धरताना बोटं थरथरतात का, शर्टाचं बटण लावताना वेळ लागतो का. भाऊ हल्ली उशिराही यायला लागले होते. विचारलं तर म्हणायचे, माल मोजायचा होता. चेहरा उतरलेला, डोळे लाल.

"हात दुखतात का तुमचे?" एकदा त्यांनी न राहवून विचारलं.

"माझ्या हातांना काय धाड भरलीय?" भाऊ म्हणाले. "तुझे डोळे कसे आहेत ते सांग. सुई ओवताना त्रास होतो का?"

वहिनी म्हणाल्या, मला कशाला त्रास होतोय, मी सुई हातात घेते कधी? आणि मनात म्हणाल्या, बघा, विषय कसा बदलला. म्हणजे हातांना नक्कीच काहीतरी झालंय.

महिना संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मावशी सकाळी सकाळी आली, आणि आज बोचकी दुप्पट होती. प्रयोग पास झाला होता. आता सगळेच कोट बाहेर. गल्लीतल्या बायका दारात गोळा झाल्या, एकीनं तर आनंदानं मावशीला चहा दिला. तो चहा पिऊन मावशीनं सांगितलं की मजुरी मात्र उतरली. कारण तिच्या दाराशी आता रांग लागली होती. काल संध्याकाळी खातं बंद झाल्यावर त्यातली माणसंही काम मागायला आली होती, इस्त्रीवाला आपल्या आईचं नाव सांगून दोन बोचकी घेऊन गेला होता. कामाला हात जास्त झाले की हाताची किंमत उतरणारच, त्याला मावशी तरी काय करणार? आणि हो, मान करत बसू नका, ती पुढे म्हणाली. साहेब म्हणाला की उगाच वेळ जातो. नुसते चार टाके घाला आणि धागा तोडा.

वहिनींनी ते ऐकलं आणि नाही ऐकलं. खातं बंद झालं एवढंच त्यांच्या कानात राहिलं होतं. बायका गेल्या, वहिनी कोटांच्या ढिगात बसून राहिल्या. घर आवरायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही, आणि भरदुपारी दार उघडून भाऊ आत आले.

लपवायला वेळ नव्हता. सगळं घर हिरवं होतं, मांडीवर कोट होता, हातात सुई होती. वहिनी उठायला गेल्या तर धागा गुडघ्यात अडकला. पण भाऊ दचकले नाहीत. त्यांनी दोन कोट बाजूला सरकवून जागा केली आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे अवघडून बसले.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "उलटा वेढा पहिल्याच दिवशी ओळखला. या शहरात तो दोघांनाच येतो."

मग ते हळूहळू बोलत गेले. पहिला हिरवा कोट टेबलावर आला तेव्हा त्यांना वडिलांची आठवण झाली होती, आणि लगेच बायकोची. ती हे लपवून का करते तेही कळलं. त्यांनी तिच्या भावांसमोर दिलेला शब्द मोडला असं दिसू नये म्हणून. मग त्यांनीही न दिसल्यासारखं केलं. बोलणार तरी कुठल्या तोंडानं होते? आणि दुसरंही एक कारण होतं, ते सांगताना त्यांनी मान खाली घातली. जावयानं त्यांना पहिल्याच दिवशी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, काका, तुम्ही घाबरू नका, खातं गेलं तरी तुम्ही राहणार. बाहेरच्या मालाला तपासणी तर जास्तच लागेल. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ती सगळी माणसं जाणार आणि आपण तेवढे राहणार, हे घरी सांगायची त्यांना लाज वाटली होती. म्हणून ते त्या दिवशी नुसतं बघू म्हणाले.

"मग नंतर तुझा हात सैल पडायला लागला," भाऊ म्हणाले. "मला वाटलं, दिव्याखाली बसून बसून हिचे डोळे गेले. गाठ कुठं पडतेय ते हिला दिसत नाही. परत पाठवलं असतं तर तुझी मजुरी गेली असती, दंड बसला असता, तोही माझ्या सहीनं. ते माझ्यानं झालं नाही."

"मग काय केलंत?"

"शिवले. जेवणाच्या सुट्टीत, काम सुटल्यावर. सगळे गेले की टेबलाखाली ठेवलेले काढायचे आणि मान करायची. आपलाच वेढा, कुणाला वेगळा कळणार?" ते जरासे हसले. "शेवटी शेवटी फार यायला लागले. पण एकही राहू दिला नाही."

काल संध्याकाळी खातं बंद झाल्याचं त्यांना घरी सांगवलं नव्हतं, आणि आज सकाळी जावयानं त्यांनाही बोलावलं होतं. टेबलावर महिन्याचा कागद होता, बाहेरच्या मालात परत गेलेले पीस, शून्य. जावई फार खूश. म्हणाला, काका, माझा अंदाजही चुकला, एवढं चांगलं काम होईल असं मलाही वाटलं नव्हतं. आता मला सांगा, एकही बटण निघत नसेल तर तुम्ही तपासणार काय?  भाऊंनी खरं उत्तर दिलं असतं तर बायकोची मजुरी, गल्लीतल्या बायकांचं काम आणि महिनाभरातली स्वतःची प्रत्येक सही खोटी ठरली असती. जावयानं उठून हात मिळवला, आणि तेवढ्यात त्याला फोन आला म्हणून तो बोलत बोलत बाहेर निघून गेला.

भाऊंनी खिशातून पाकीट काढून वहिनींसमोर ठेवलं. "हे कारखान्यानं दिलेत, हिशेब चुकता करून. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. बाकीचं मग बघू. डोळे असले तर सगळं आहे."

वहिनींनी पाकिटाला हात लावला नाही. त्यांना एकदम भयंकर राग आला. तो राग जावयाचा होता, मालकाचा होता, त्या रंगवलेल्या नखांचा होता. पण त्यातलं कुणीच त्या खोलीत नव्हतं. समोर फक्त भाऊ होते, लाल डोळ्यांचे, महिनाभर दुपारी उपाशी राहून बटणं लावलेले.

"माझे डोळे ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "काळोखातही सुई ओवीन मी. मुद्दाम सैल ठेवत होते. तुम्ही परत पाठवाल म्हणून. माल नापास होईल, खातं राहील, तुम्ही राहाल म्हणून. अख्खं जग खोटं वागेल, पण तुम्ही सुटणारं बटण सोडणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी सगळं टाकलं होतं. आणि जन्मात पहिल्यांदा तुम्ही नेमकं तेच केलंत?"

 समजायला भाऊंना वेळ लागला. मग त्यांनी आपले दोन्ही हात उलटे सुलटे करून पाहिले.

"म्हणजे मी नुसतं माझं काम केलं असतं, तर," ते म्हणाले.

"तर आज कामावर असता. तुम्हीच काय, सगळेच असते."

हे बोलायला नको होतं, ते बोलता बोलताच वहिनींना कळलं. पण बोललेला शब्द काही परत येत नाही. भाऊंना एक वाईट शब्द बोलता आला असता. तू मला एकदा विचारायचं होतंस, असं म्हणता आलं असतं, आणि वहिनींनाही तेच म्हणता आलं असतं. दोघांनीही म्हटलं नाही.  वहिनींनी डोळे पुसले आणि पाकीट उचलून भाऊंच्या हातात परत दिलं.

मग भाऊंनी जवळचा एक कोट ओढून मांडीवर घेतला, त्याची शिवण उगाच नखानं चाचपली, आणि वहिनींकडे न बघता विचारलं,

"तुझी ती मावशी पुरुषांनाही काम देते का गं?"

"देते," वहिनी म्हणाल्या. "पण भाव उतरलाय."